घाटावरचा कबीर, फलाटावरचा कबीर

१७८१ च्या ऑगस्ट महिन्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज काशीत चांगलाच अडकला होता. राजा चेतसिंगाकडून पैसे उकळायला तो आला. राजाला त्याच्याच शिवाला घाटावरच्या वाड्यात त्याने नजरकैदेत टाकलं आणि राजाच्या माणसांनी कंपनीच्या शिपायांची कत्तल उडवली. हेस्टिंग्जला जीव मुठीत धरून चुनारच्या किल्ल्याकडे पळावं लागलं. त्या पळापळीत त्याच्याबरोबर पायी निघालेल्यांत नागपूरकर भोसल्यांचा वकील बेनीराम पंडित होता. त्याने आणि त्याच्या भावाने साहेबापुढे लाखभर रुपये ठेवायची तयारी दाखवली. पुढे त्याची बक्षिसी जहागिरीच्या रूपाने मिळाली. पगार भोसल्यांचा आणि पाठराखण कंपनीची, हा हिशेब नागपुरात कोणी मांडला की नाही, देव जाणे.

या बेनीरामाच्या मागे त्याच्या विधवेने, जिला लोक ‘पंडिताइन’ म्हणत, आणि पुतण्यांनी १८२५ च्या सुमारास मणिकर्णिकेच्या उत्तरेला एक घाट दगडाने बांधून काढला. तोच संकठा घाट.

पर्यटक इथे फारसा थांबत नाही. शेजारच्या शिंदे घाटाशी पाण्यात कललेलं रत्नेश्वराचं देऊळ बघायला नावा रेंगाळतात आणि मग सरळ पुढे निघून जातात. वर गल्लीत संकठामातेचं देऊळ आहे. संकट निवारते ती संकठा. नवस बोलायला आणि फेडायला येणाऱ्या बायका नारळ आणि चुनरी घेऊन त्या अरुंद वाटेने चढत असतात. वारा फिरला की मणिकर्णिकेचा धूर इथवर येतो.

या टापूत चालताना मराठी माणसाला आपल्याच इतिहासाचं पुस्तक उलगडल्यासारखं वाटतं. दक्षिणेला बायजाबाई शिंद्यांनी १८३० मध्ये बांधलेला घाट, जो स्वतःच्याच वजनाने खचला. उत्तरेला नागपूरकरांचा भोसले घाट, अमृतराव पेशव्यांचा गणेश घाट, मग जटार घाट, ग्वाल्हेर संस्थानचा घाट. अशा दहा-पंधरा मिनिटांच्या चालीनंतर पंचगंगा घाट लागतो. आणि तिथे या सगळ्या सरदार-दरकदारांच्या दगडी थाटाला छेद देणारी एक गोष्ट सांगितली जाते. एक विणकर पोर पहाटेच्या अंधारात पायरीवर आडवं झालं. स्नानाला निघालेल्या स्वामी रामानंदांचा पाय त्याच्या अंगावर पडला आणि दचकून त्यांच्या तोंडून रामाचं नाव निघालं. पोराने तोच गुरुमंत्र म्हणून उचलला. ज्याला दारातून आत घेतलं गेलं नसतं, त्याने दीक्षा अशी पायरीवरूनच मिळवली. इतिहासकार या कथेवर विश्वास ठेवत नाहीत. काशीला मात्र ती पटलेली आहे आणि गाणाऱ्यांनाही.

तो विणकर म्हणजे कबीर. पाचशे वर्षांनी, मुंबईतल्या रेल्वे फलाटांवर वाजवून हात बसलेल्या पोरांनी त्याची पदं गिटार, मेंडोलिन, व्हायोलिन आणि बेस घेऊन स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. अल्बमचं नाव ‘पंचरंग’, साल २०१६, बँडचं नाव ‘नीरज आर्याज् कबीर कॅफे’. हा बँड स्वतःला ‘फोक पंक’ म्हणवत नाही. ‘फोक फ्यूजन’, ‘कबीर रॉक’ असे शब्द त्याच्याबाबत वापरले जातात. तरीही फोक पंक म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून द्यायचं झालं, तर हा अल्बम समोर ठेवण्यासारखा आहे. तो त्या व्याख्येत कुठे बसतो यापेक्षा कुठे बसत नाही, हे जास्त बोलकं आहे.

आधी पंकचं. १९७६-७७ च्या सुमारास लंडनमध्ये हे प्रकरण पेटलं. रॉक संगीत तेव्हा फार देखणं, फार लांबलचक आणि फार महाग झालं होतं. बेकार, वैतागलेल्या पोरांनी ते धुडकावलं. त्या काळच्या एका हौशी अंकात गिटारच्या तीन कॉर्डच्या आकृत्या छापून खाली एवढंच सुचवलं होतं की आता बँड काढायला हरकत नाही. गळा नसला तरी चालेल, सांगायला काहीतरी हवं, असा एकूण बाणा. आपल्याकडच्या गोंधळ्याला किंवा वासुदेवाला यात नवल वाटणार नाही. संबळ आणि तुणतुण्यावर पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेलं आहे. वासुदेवाने कधी साउंड चेक मागितला नाही.

लोकगीत आणि पंक यांची गाठ नीट मारली ती ‘द पोग्ज’ या बँडने. १९८२ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात आयरिश वस्तीच्या आसपास तो जमला. मूळ नाव ‘पोग महोन’. आयरिश भाषेत ती चक्क शिवी आहे, आणि ती कळल्यावर रेडिओवाल्यांची पंचाईत झाली, म्हणून नाव अर्ध्यावर आलं. बॅन्जो, अकॉर्डियन, टिनची शिट्टी ही आजोबांच्या काळातली वाद्यं, आणि वेग मात्र नातवाचा. बँडमधला स्पायडर स्टेसी बियरचा ट्रे स्वतःच्या डोक्यावर आपटून ताल धरायचा. १९८५ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला, ‘रम, सॉडमी अँड द लॅश’. त्याचा निर्माता एल्विस कॉस्टेलो. त्याने आपलं काम फार शहाणपणाने ओळखलं होतं. हा बँड जसा फाटका आहे तसाच पकडायचा, नंतर येणाऱ्या कुणा व्यावसायिक निर्मात्याने त्याला इस्त्री करण्याच्या आत. त्या अल्बमवर जुनी पारंपरिक गाणी आणि बँडच्याच शेन मॅकगॉवनने लिहिलेली नवी गाणी इतकी शेजारी बसली आहेत की जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे पटकन ओळखू येत नाही. फोक पंकचा खरा कस तिथे लागतो.

अमेरिकेत ‘व्हायोलंट फेम्स’ नावाच्या तिघांनी वीजच कमी केली. साधी गिटार, विजेशिवायची बेस गिटार, आणि ड्रमवर उपडी घातलेली पत्र्याची पाटी. मिलवॉकी शहरात एका थिएटरबाहेर ते रस्त्यावर वाजवत होते. आत कार्यक्रम असलेल्या ‘द प्रिटेंडर्स’ या बँडच्या गिटारवादकाने ते ऐकलं आणि त्याच रात्री त्यांना आत बोलावून घेतलं. १९८१ ची ही गोष्ट. दोन वर्षांनी त्यांचा अल्बम निघाला.

मुंबईची गोष्ट या गोष्टीची चुलत बहीण शोभावी. २०१२-१३ च्या सुमारास मुंबईत रस्त्यावरच्या कलावंतांना परवानगीने जागा मिळवून देणारा एक उपक्रम सुरू झाला. संध्याकाळी उपनगरी रेल्वेच्या स्थानकांवर गाणारे-वाजवणारे दिसू लागले. नीरज आर्य त्यांतला एक. नोकरीत मन न रमलेला हा तरुण गिटार घेऊन कबीर गायचा. आता फलाटावरचा श्रोता म्हणजे काय चीज आहे, हे लोकलने जाणाऱ्याला सांगायला नको. त्याचं लक्ष इंडिकेटरवर असतं. सहा-बावन्नची फास्ट तीन मिनिटं उशिरा आहे, तेवढाच काय तो तुमचा कार्यक्रम. पहिल्या दोन ओळींत तो थांबला तर थांबला. अशा ठिकाणी आलाप चालत नाही, निवेदन चालत नाही. गाण्याला धरून ओढणारा ठेका लागतो आणि शब्द असा लागतो की डब्यात शिरलेल्या माणसाच्या कानात तो दादरपर्यंत राहावा. कबीराने उभं राहायला बाजारच निवडला होता, असं त्याच्याच नावाची पदं सांगतात. मुंबईत बाजार आणि फलाट यांत फरक तो कितीसा?

तिथून बँड उभा राहिला. सुरुवातीच्या संचात नीरज आर्य गायन आणि गिटारवर, मुकुंद रामस्वामी व्हायोलिनवर, रमण अय्यर मेंडोलिनवर, वीरेन सोळंकी तालवाद्यांवर आणि ब्रिटो के. सी. बेसवर. पाच जण, वेगवेगळ्या मुलखांतली नावं. त्यांच्या वाजवण्यात कर्नाटक पद्धतीचं व्हायोलिन आहे, रेगेचा उलट्या मात्रेवर पडणारा ठेका आहे, रॉक आहे आणि या सगळ्यांच्या खाली माळव्याची चाल आहे.

ही माळव्याची चाल महत्त्वाची, कारण कबीर काशीचा असला तरी ‘पंचरंग’वरचा कबीर काशीहून थेट मुंबईला आलेला नाही. तो देवासवरून आला.

मराठी कानाला देवास म्हटलं की कुमार गंधर्व आठवतात, आणि ते बरोबरच आहे. १९४८ मध्ये क्षयाने आजारी कुमारजी हवापालटासाठी देवासला आले. गाणं बंद होतं. अंथरुणावर पडल्यापडल्या दारावरून जाणाऱ्या बायकांची गाणी, भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी जोग्यांची भजनं कानावर पडत होती. त्यातून त्यांचं निर्गुणी भजन घडलं. पुढे एचएमव्हीच्या तबकड्यांवरून ते पुण्या-मुंबईच्या घराघरांत पोचलं. आपल्या मध्यमवर्गाचा कबीर हा असा, तंबोऱ्याच्या सुरात अंग चोरून बसलेला, एकटा, अवकाशाकडे बघणारा. तो फार थोर आहे. पण माळव्यातल्या खेड्यात कबीर एकटा गात नाही.

तिथे रात्री मंडळी बसते. गायकाच्या एका हातात पाच तारांचा तंबुरा, दुसऱ्या हातात करताल. बरोबर ढोलक, मंजिरे, पेटी. प्रल्हादसिंह टिपानिया हे या गायकीतलं आजचं सर्वांत मोठं नाव. उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे, दलित कुटुंबातले, पूर्वी पेशाने शाळामास्तर, २०११ चे पद्मश्री. त्यांच्या मंडळीत व्हायोलिनही आहे, त्यामुळे कबीर कॅफेचं व्हायोलिन ऐकून ज्यांना परंपरा बाटल्यासारखी वाटली त्यांनी जरा दमाने घ्यावं. टिपानिया पद सुरू करण्याआधी साखी म्हणतात. साखी म्हणजे दोन ओळींचा दोहा, ताल न धरता मोकळ्या आवाजात टाकलेला. कोणती साखी घ्यायची हे समोर बसलेल्या माणसांवर ठरतं. मग टेक, मग कडवं, मग मध्येच गाणं थांबवून मास्तरकीच्या सवयीने दोन शब्द समजावून सांगणं, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याशी थोडी थट्टा, आणि पुन्हा टेक. लय चढत जाते. गाणं संपतं तेव्हा किती वेळ गेला हे कोणी मोजलेलं नसतं.

या जगाची ओळख शहरी, इंग्रजी शिकलेल्या पोरांना करून दिली ती शबनम विरमाणी यांनी. २००३ मध्ये बंगळुरूत त्यांनी ‘कबीर प्रोजेक्ट’ सुरू केला. माळवा, राजस्थान आणि सीमेपलीकडचा सिंध इथे फिरून चार माहितीपट केले, ध्वनिमुद्रणं आणि पुस्तकं काढली. नीरज आर्य हा याच वाटेने टिपानियांपर्यंत पोचलेल्या पिढीतला.

आता स्टुडिओ. ज्याला न्यायचं ते गाणं असं सैल, रात्रभराचं, माणसं बघून बदलणारं, आणि स्टुडिओ म्हणजे काचेच्या दोन बाजू. या बाजूला गायक, कानावर हेडफोन. बहुतेक ठिकाणी त्या हेडफोनमध्ये घड्याळासारखी टिकटिक वाजत असते, तिला ‘क्लिक’ म्हणतात. सगळी वाद्यं वेगवेगळी वाजवून नंतर एकमेकांवर बसवायची, तर सगळ्यांनी त्या टिकटिकीला धरून राहायला हवं. पण मग माळव्यातली ती चढत जाणारी लय कुठे जाते? एक तर ती आधी ठरवून, मोजून चढवावी लागते, नाहीतर सोडून द्यावी लागते. साखी निवडायला समोर माणूस नाही, फक्त काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट. थट्टा करायला म्हातारा नाही. आणि गाणं पाच-सहा मिनिटांत आवरायचं, कारण ऐकणारा पुढच्या गाण्याकडे बोट नेऊन बसलेला. हे कुठल्याही लोकगीताच्या कुठल्याही अल्बमचं दुखणं आहे, एकट्या ‘पंचरंग’चं नव्हे.

तरीही काही गोष्टी स्टुडिओच देऊ शकतो. ‘हलके गाडी हांको’ हे कबीर कॅफेच्या सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या पदांपैकी एक. माळव्यात ते जुनं आहे. देह ही गाडी, राम गाडीवान, आणि त्याला विनवणी एवढीच की जरा हळू हाक. खेड्यातल्या मंडळीत ते ऐकताना शब्द पुढे असतात आणि वाद्यं त्यांच्या मागून रांगेत चालतात. कबीर कॅफेच्या वाजवण्यात बेसची तार खालून सारखी, न थकता चालत राहते. तिच्यावर मेंडोलिनचे बारीक टिपके, आणि दोन कडव्यांमध्ये व्हायोलिन लांब सूर काढतं. चांगल्या हेडफोनवर ऐकलं तर बेस हे चाक आहे, हे शब्दांकडे लक्ष न देताही कळतं. हिंदी न येणाऱ्या, माळवीचा गंधही नसलेल्या कोइमतूरच्या पोराला गाडी कळते ती तिथे. पदाचा अर्थ वाद्यांनी सांगायचा, ही गोष्ट फलाटावरच्या एका गिटारने झाली नसती.

एक भानगड मात्र सांगून टाकायला हवी. हे पद कबीराचंच कशावरून? शेवटच्या कडव्यात कबीराचं नाव येतं, त्याला भणिता म्हणतात. आपल्याकडे जसं ‘तुका म्हणे’. पण नाव असलं म्हणजे रचना त्याची असं नाही, हे तुकोबांच्या गाथेवर भांडलेल्या मराठी माणसाला चांगलं ठाऊक आहे. कबीराची पदं मुख्यतः तीन ठिकाणी लिखित सापडतात. पूर्वेकडे कबीरपंथीयांचा ‘बीजक’, पंजाबात १६०४ मध्ये सिद्ध झालेला आदिग्रंथ, आणि राजस्थानातल्या पोथ्या. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेसाठी श्यामसुंदर दासांनी १९२८ मध्ये ‘कबीर ग्रंथावली’ संपादित केली. माळव्यात आज गायली जाणारी कितीतरी लोकप्रिय पदं या जुन्या पोथ्यांत नाहीतच. कबीराच्या नावाने लोकांनी ती रचली, घासली, वाढवली. लिंडा हेस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी माळव्यात टिपानियांबरोबर वर्षानुवर्षं फिरून या मौखिक कबीरावर पुस्तकच लिहिलं, ‘बॉडीज ऑफ साँग’, २०१५ चं. थोडक्यात, कबीर हा एक माणूस आहे तसाच तो एक मोठा, कधीही न फुटलेला बँड आहे, आणि त्यात कुणालाही भरती होता येतं. मॅकगॉवनची नवी गाणी जुन्यांत मिसळून गेली, त्यातलाच हा प्रकार, फक्त आपल्याकडे तो पाचशे वर्षं चालू आहे.

तर मग ‘पंचरंग’ पंक आहे का?

बाणा बघितला तर कबीराइतका पंक माणूस सापडणं अवघड. काशीत मेलं की मोक्ष, अशी या गावाची सगळ्यात मोठी ख्याती. लोक इथे मरायला येतात. मगहरला मेलं तर गाढवाचा जन्म, असं काशीकर म्हणायचे. कबीर म्हातारपणी उठला आणि मरायला मगहरला गेला. मणिकर्णिकेच्या सावलीत आयुष्य काढलेल्या माणसाने शेवटी त्या घाटालाच पाठ दाखवली. पंडिताला, मुल्लाला, मूर्तीला, बांगेला, सगळ्यांना त्याने तोंडावर प्रश्न विचारले. वारकऱ्यांनी त्याला आपल्यात घेतला तो उगाच नव्हे. महिपतीच्या ‘भक्तविजया’त तो आहे. एकनाथांनी काशीत येऊन मणिकर्णिकेच्या तीरावर, पंचमुद्रा मठात, शके १४९५ मध्ये म्हणजे १५७३ साली भागवतावरची टीका पुरी केली. प्राकृतात लिहितो म्हणून काशीच्या पंडितांनी त्यांना जाब विचारल्याची कथा आहे. त्याच एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ नावाचं भारूड लिहिलं. त्यात दोघं एकमेकांच्या देवाधर्माची अशी काही सालटी काढतात की आज ते रंगमंचावर करायचं तर आयोजक आधी वकिलाला फोन करील.

‘पंचरंग’वर हा कबीर कमी आहे, असं म्हणायला हवं. बँडच्या गाजलेल्या पदांत देह नश्वर आहे, माया खोटी आहे, जपून राहा, अहंकार नको, असा सूर अधिक. हे शब्द कुणाला बोचत नाहीत. कॉर्पोरेट मेळाव्यात, लग्नाच्या आदल्या रात्री, कॉलेजच्या महोत्सवात ते सारख्याच टाळ्या घेतात. तुमचं सगळं इथेच राहणार आहे हे पाच हजारांचं तिकीट काढलेल्या माणसाला सांगितलं तर तो डोळे मिटून मान डोलावतो. त्याला त्याच्या जातीबद्दल विचारलं तर? बँडला यात एकट्याला दोष देता येत नाही, कारण पदांची ही निवड श्रोत्यांनीच गेली कित्येक दशकं करून ठेवली आहे, तबकड्यांच्या काळापासून. पण संगीत पंककडे झुकलेलं आणि शब्दांची निवड सत्संगाकडे, ही या अल्बमची गंमत आहे आणि मर्यादाही.

हा तोल उलटा सांभाळलेली उदाहरणं आहेत. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने २००० मध्ये ‘कंदिसा’ काढला. बेसवादक राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात राहून आलेला. नंदुरबारच्या पाड्यांपासून बडवानीपर्यंत जी नदी अडवली जात होती तिचं लोकगीत ‘मा रेवा’ त्याने तिथून आणलं. त्याच अल्बमवर गोरख पांडे या जनकवीचं भोजपुरी गाणं आहे, सत्ताधाऱ्यांची खुर्ची हलवणारं. तीन वर्षांनी याच बँडच्या ‘झीनी’ अल्बमचं नाव मात्र कबीराच्या पदावरून आलं. पुढे २०१५ मध्ये नीरज घायवान या मराठी घरातल्या दिग्दर्शकाने काशीच्या घाटांवर, चितेशी आयुष्य बांधलेल्या डोम समाजातल्या मुलाची गोष्ट सांगितली, तो ‘मसान’. त्याचं संगीत इंडियन ओशनचं आणि गीतं लिहिणारा वरुण ग्रोव्हर काशीच्याच इंजिनियरिंग कॉलेजात शिकलेला.

महाराष्ट्रात तर पंकला लागणारा दारूगोळा कोठारं भरून आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. डफ, तुणतुणं, झीलकरी आणि गिरणगावातली चाळ. विलास घोगरे हा मुलुंडचा शाहीर. १९९७ च्या जुलैत घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली आणि त्यानंतर त्याने स्वतःचा जीव संपवला. त्याचा आवाज आज सहज ऐकायला मिळतो तो आनंद पटवर्धनांच्या माहितीपटांत. गुजरातच्या दंगलीनंतर २००२ मध्ये पुण्याच्या तरुणांनी मंच काढला आणि नाव ठेवलं ‘कबीर कला मंच’. एका कबीराला मोठमोठ्या महोत्सवांची आमंत्रणं येतात, दुसऱ्या कबीराच्या पोरांवर गुन्हे दाखल होतात, तुरुंगवास होतो. नाव एकच.

अलीकडे मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप करणाऱ्या पोरांनी धागा जोडायचा प्रयत्न केला. २०१९ मध्ये आरेतले दोन हजारांवर वृक्ष रातोरात तोडले गेले, त्याच वर्षी त्यांनी आरेतल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर यांचा आवाज घेऊन ‘वारली रिव्होल्ट’ केलं. पाठोपाठ २०२० मध्ये ‘चेतावणी’ हा अल्बम आला. त्यांचा एमसी मवाली मराठीत रॅप करतो, आणि तो ऐकताना पोवाड्याचा वंश कुठे गेला या प्रश्नाचं निदान एक उत्तर मिळतं. संगीताच्या दुकानात याला हिपहॉप म्हणतील. पण तीन कॉर्ड, रस्ता, बोलीभाषा आणि समोरच्याचं नाव घेऊन विचारलेला प्रश्न हे साहित्य मोजलं तर फोक पंकच्या पाककृतीत ‘चेतावणी’ ‘पंचरंग’पेक्षा चार बोटं पुढे आहे.

काशीकडे परत यायचं तर २०१६ हेच साल धरावं लागतं. त्या वर्षी महिंद्रा समूहाने काशीत ‘महिंद्रा कबीरा’ महोत्सव सुरू केला. पहाटे आणि संध्याकाळी घाटावर गाणं, मधल्या वेळात गल्ल्यांतून फेरफटका, नाश्त्याला कचोरी-जिलबी. कबीर कॅफे तिथेही गाऊन आलेला आहे. काशीत निघालेलं गाणं माळव्यात गेलं, तिथून देवासच्या आणि लुनियाखेडीच्या गळ्यांतून मुंबईच्या फलाटावर उतरलं, स्टुडिओच्या काचेआड शिरलं, आणि प्रायोजकाच्या फलकासह पुन्हा गंगेवर आलं. कबीरचौऱ्याच्या मठातल्या साधूंना आणि आजही मागावर बसणाऱ्या अन्सारी विणकरांना या पासांच्या मैफिलीत कितपत जागा मिळते, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

ज्यांना हे सगळं कानांनी तपासायचं आहे त्यांनी उलट क्रमाने ऐकून बघावं. आधी ‘पंचरंग’, मग तेच पद टिपानियांच्या मंडळीचं, सलग, थांबून समजावणं न गाळता, आणि शेवटी रात्री दिवा मालवून कुमारजी. 

आणि काशीला जाणं झालं तर दशाश्वमेधाची आरती झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे, नावांवरचे भोंगे सुरू व्हायच्या आत, संकठा घाटावरून पंचगंगेपर्यंत पायऱ्यांनीच जावं. फक्त श्रावण-भाद्रपदात हा बेत करू नये. तेव्हा गंगा चढलेली असते, बेनीरामाच्या पंडिताइनने बांधलेल्या पायऱ्या पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्यावर जायची वाट तुटते, आणि मग संकठामातेच्या देवळामागच्या गल्ल्यांतून, गायी आणि स्कूटर चुकवत, विचारत विचारत जावं लागतं.